हार्व्हर्ड वैद्यकीय विद्यालयातील जीवरसायनशास्त्राचे संशोधन-प्रशिक्षण

सजीवांच्या शरीरातील रासायनिक द्रव्ये आणि त्यांच्यात सतत घडणाऱ्या विक्रिया यांचा अभ्यास करणारे जीवरसायनशास्त्र वैद्यकीय विद्यालयात प्रथम आले, ते भावी वैद्यांना शिकवावयाचा एक पूरक विषय म्हणून. मूत्रातील साखर व प्रथिन ओळखणे, विषबाधेची परीक्षा करणे, औषधांचे रासायनिक गुणधर्म समजणे एवढीच त्याची व्याप्ती मानली जाई. या विषयात स्वतंत्र संशोधन करू शकणारी माणसे वैद्यकीय विद्यालयातच घडवावीत, ही कल्पना मागाहून आली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हार्व्हर्ड विद्यापीठाच्या बॉस्टन येथील वैद्यकीय विद्यालयात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशी माणसे घडली. त्यांच्यातून तीन नोबेल पारितोषिकविजेते निघाले, स्नायूंना लागणाऱ्या ऊर्जेचे कोडे उलगडले आणि रक्ताच्या रासायनिक तपासणीच्या ज्या पद्धती पुढे जगभर रूढ झाल्या, त्यांचा पाया घातला गेला. एखादे द्रव्य अचूक मोजण्याची नवी पद्धत तयार करणे, हे या प्रशिक्षणाचे मुख्य अंग होते. या साध्या वाटणाऱ्या कामातून मूलभूत शोध कसे निघाले आणि ज्यांनी ते लावले त्यांना विद्यालयात स्थान मिळण्यास किती अडचणी आल्या, याचा हा आढावा आहे.

पार्श्वभूमी : जीवरसायनशास्त्राला स्वतंत्र विषयाचे रूप प्रथम जर्मन विद्यापीठांत आले. फेलिक्स होप-झायलर (१८२५–९५) यांनी १८७२ पासून स्ट्रासबर्ग येथे शरीरक्रियात्मक रसायनशास्त्राचे अध्यापन व संशोधन चालविले आणि १८७७ मध्ये या विषयाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील होतकरू तरुण अशा प्रयोगशाळांत वर्ष-दोन वर्षे राहून परत जात. प्रयोगशाळेत प्राध्यापकाच्या देखरेखीखाली मूळ संशोधन करून प्रबंध सादर करावयाचा, ही जर्मन प्रथा त्यांच्याबरोबर अमेरिकेत आली. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय विद्यालय १८९३ मध्ये सुरू झाले. तेथे जॉन जेकब एबल (१८५७–१९३८) यांच्याकडे औषधिक्रियाविज्ञानाबरोबर शरीरक्रियात्मक रसायनशास्त्राचेही अध्यापन सोपविण्यात आले. त्यांच्या पुढाकाराने १९०५ मध्ये जीवरसायनशास्त्राचे अमेरिकन नियतकालिक निघाले आणि १९०६ मध्ये या विषयाच्या संशोधकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

हार्व्हर्डचे वैद्यकीय विद्यालय १७८२ मध्ये स्थापन झालेले, म्हणजे बरेच जुने होते. परंतु तेथील शिक्षण दीर्घकाळ मुख्यतः व्याख्यानांवर अवलंबून होते. चार्ल्स विल्यम एलियट (१८३४–१९२६) हे रसायनशास्त्रज्ञ विद्यापीठाचे अध्यक्ष झाल्यावर १८७१ मध्ये त्यांनी वैद्यकाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा व क्रमबद्ध केला आणि प्रयोगशाळेतील कामाला त्यात स्थान दिले. १९०६ मध्ये विद्यालय बॉस्टनमधील लाँगवुड ॲव्हेन्यूवरील संगमरवरी इमारतींत गेले आणि प्रत्येक मूलभूत शास्त्राला प्रशस्त प्रयोगशाळा मिळाल्या. जागेइतकाच पदवीचा प्रश्नही महत्त्वाचा होता. वैद्यकीय विद्यालय एम्.डी. ही वैद्यकाची पदवी देई, पीएच्.डी. देण्याचा अधिकार कला व विज्ञान विद्याशाखेकडे होता. वैद्यकीय विद्यालयाच्या प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्यास पीएच्.डी. मिळावी म्हणून १९०८ मध्ये या विद्याशाखेच्या अंतर्गत वैद्यकीय शास्त्रांचा विभाग निर्माण करण्यात आला. यामुळे विद्यार्थी काम करी एका संस्थेत आणि पदवी घेई दुसरीकडून. ही रचना वरवर औपचारिक दिसली, तरी वैद्य होण्याचा हेतू नसलेल्या तरुणालाही तिच्यामुळे वैद्यकीय विद्यालयाचे दार उघडले.

ओटो फोलिन : विभागाचे खरे संस्थापक ओटो फोलिन (१८६७–१९३४) होत. त्यांचा जन्म स्वीडनमध्ये झाला व वयाच्या पंधराव्या वर्षी ते अमेरिकेत आले. मिनेसोटा विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर १८९८ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठाची पीएच्.डी. मिळविली आणि यूरोपातील प्रयोगशाळांत काही काळ काम केले. ते वैद्यकाचे पदवीधर नव्हते. १९०० मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यातील मॅक्लीन या मनोरुग्णालयात रसायनशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. मानसिक विकारांचे काही रासायनिक चिन्ह रुग्णांच्या मूत्रात आढळते काय, हे शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते. तुलना करावयाची तर प्रथम निरोगी माणसाच्या मूत्रातील घटकांची प्रमाणे निश्चित माहीत असावयास हवीत आणि त्यासाठी विश्वासार्ह मापनपद्धती हव्यात, हे त्यांनी ओळखले. म्हणून यूरिया, अमोनिया, क्रिएटिनीन, यूरिक अम्ल इ. द्रव्यांच्या मापनाच्या नव्या पद्धती त्यांनी तयार केल्या. आहारातील प्रथिन वाढविले वा घटविले की मूत्रातील यूरिया त्या मानाने बदलतो, परंतु क्रिएटिनीनचे प्रमाण एकाच व्यक्तीत जवळजवळ स्थिर राहते, असे त्यांनी १९०५ मध्ये दाखविले. मानसिक विकारांचे रहस्य त्यातून उलगडले नाही. तथापि शरीरातील चयापचयाचा (सतत घडणाऱ्या रासायनिक घडामोडींचा) अभ्यास मोजमापाच्या भक्कम पायावर आला. क्रिएटिनीनचे मापन मूत्रपिंडाच्या कार्याची परीक्षा म्हणून आजही रुग्णालयांतून नित्य केले जाते.

फोलिन १९०७ मध्ये हार्व्हर्डला आले व १९०९ मध्ये जैव रसायनशास्त्राचे हॅमिल्टन कून प्राध्यापक झाले. मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३४ पर्यंत, ते या पदावर होते. भावी वैद्यांना शिकविणे हे विभागाचे पहिले कर्तव्य होते व त्याचा भार मोठा होता. संशोधक विद्यार्थी संख्येने थोडे असत आणि त्यांपैकी अनेकांना अध्यापनातही मदत करावी लागे. या मर्यादेतून विभागाचे एक वैशिष्ट्य उदयास आले. वैद्यांना उपयोगी पडेल अशी सोपी व जलद पद्धत शोधणे हाच संशोधनाचा विषय बनला. त्यामुळे रुग्णालयाची गरज आणि विद्यार्थ्याचा प्रबंध यांची सांगड बसली.

प्रशिक्षणाचे स्वरूप : फोलिन यांच्या पद्धतींचे मुख्य साधन रंगमापक हे होते. तपासावयाच्या द्रव्याशी विशिष्ट रसायनाची विक्रिया घडवून रंग निर्माण करावयाचा आणि ज्ञात प्रमाणाच्या विद्रावाच्या रंगाशी तो ताडून पाहावयाचा, हे त्यामागील तत्त्व होय. ड्यूबॉस्क रंगमापकात दोन नळ्यांतील द्रवांची खोली कमीजास्त करून दोन्ही रंग डोळ्याला सारखे दिसेपर्यंत जुळवितात व खोलींच्या गुणोत्तरावरून अज्ञात प्रमाण काढतात. उपकरण साधे असले, तरी त्यावर विसंबणे सोपे नव्हते. रक्तातील प्रथिने रंगात ढवळाढवळ करतात. एकाऐवजी दोन द्रव्ये तोच रंग देतात. रंग हळूहळू वाढतो किंवा फिका पडतो. ज्ञात प्रमाणात मुद्दाम मिसळलेले द्रव्य शेवटच्या मोजणीत पुरेपूर परत मिळते की नाही, ही नव्या पद्धतीची कसोटी असे. ते न मिळाल्यास चूक कोठे झाली, हे विद्यार्थ्याला स्वतः शोधावे लागे. अशा कामात विक्रियेचा प्रत्येक टप्पा नीट समजून घ्यावा लागतो. पाठ्यपुस्तकातून न मिळणारे हे ज्ञान प्रयोगशाळेतील टेबलाशी, अनुभवी माणसाच्या शेजारी उभे राहूनच मिळे.

या काळातील सहकाऱ्यांत विली डेनिस (१८७९–१९२९) या विदुषी उल्लेखनीय आहेत. फोलिन यांच्याबरोबर त्यांनी यूरिक अम्ल व फिनॉलगटातील द्रव्ये यांच्या मापनासाठी फॉस्फोटंगस्टिक व फॉस्फोमॉलिब्डिक संयुगांचा उपयोग १९१२ मध्ये मांडला. पुढे त्या न्यू ऑर्लीन्सच्या टूलेन विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात प्राध्यापक झाल्या. हार्व्हर्डच्या वैद्यकीय विद्यालयात स्त्रियांना विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळाला तो १९४५ मध्ये. हार्व्हर्डच्या प्रयोगशाळांत पीएच्.डी.चे काम करणाऱ्या स्त्रियांना १९६३ पर्यंत पदवी मिळे ती संलग्न रॅडक्लिफ महाविद्यालयाची. प्रयोगशाळेचे टेबल त्यांच्यासाठी पदवीदानाच्या व्यासपीठापेक्षा पुष्कळ आधी मोकळे झाले होते.

वू श्येन (१८९३–१९५९) हे चिनी विद्यार्थी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकून १९१७ मध्ये फोलिन यांच्याकडे आले. टंगस्टिक अम्लाच्या साहाय्याने रक्तातील सर्व प्रथिने साक्याच्या रूपात काढून टाकावयाची आणि उरलेल्या एकाच गाळीव द्रवातून यूरिया, क्रिएटिनीन, यूरिक अम्ल, प्रथिनेतर नायट्रोजन व साखर अशी अनेक द्रव्ये मोजावयाची, अशी सुसंगत पद्धती दोघांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी वू यांना पीएच्.डी. मिळाली. इन्शुलिनाच्या शोधानंतर (१९२१) मधुमेह्याच्या रक्तातील साखर वारंवार मोजण्याची निकड निर्माण झाली, तेव्हा ही पद्धत तयार होती. भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिकांतही फोलिन–वू पद्धत अनेक वर्षे शिकविली जाई. एंझाइमांवर (जीवरासायनिक विक्रिया घडविण्यास मदत करणाऱ्या प्रथिनांवर) आधारित अधिक नेमक्या पद्धती आल्यावर ती मागे पडली. वू १९२० मध्ये मायदेशी परतले, पीकिंग युनियन मेडिकल कॉलेजातील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि प्रथिनाचे विकृतीकरण म्हणजे त्याच्या रेणूची नैसर्गिक घडी उलगडणे होय, असे प्रतिपादन त्यांनी १९३१ मध्ये केले. एका देशातील प्रयोगशाळेची शिस्त दुसऱ्या देशात विभागाच्या रूपाने कशी रुजते, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

सम्नर व डॉइझी : जेम्स बॅचेलर सम्नर (१८८७–१९५५) यांचा डावा हात सतराव्या वर्षी शिकारीतील अपघातामुळे कापावा लागला होता आणि ते मूळचे डावखोरे होते. एका हाताने रसायनशास्त्र साधणार नाही, तेव्हा कायद्याचा अभ्यास करावा, असा सल्ला फोलिन यांनी त्यांना दिला. सम्नर यांनी तो मानला नाही. शरीरातील यूरियाच्या निर्मितीविषयी प्रबंध लिहून १९१४ मध्ये त्यांनी पीएच्.डी. मिळविली. त्यानंतर ते कॉर्नेल विद्यापीठाच्या इथाका येथील वैद्यकीय विद्यालयात रुजू झाले. तेथे अध्यापनाचे काम फार आणि वेळ, उपकरणे, पैसा व मदतनीस थोडे, अशी स्थिती होती. ज्याला फार साधने लागणार नाहीत परंतु यश आल्यास मोलाचे ठरेल, असे काम निवडावयाचे म्हणून त्यांनी यूरियेज हे एंझाइम शुद्ध स्वरूपात मिळविण्याचे ठरविले. तलवारीच्या आकाराच्या शेंगांच्या एका जातीतील घेवड्याच्या बियांपासून त्यांनी १९२६ मध्ये ते स्फटिकरूपात मिळविले व ते प्रथिन असल्याचे सांगितले. एंझाइमे प्रथिने नसतात, असे त्या काळातील प्रतिष्ठित जर्मन शास्त्रज्ञांचे मत असल्याने त्यांच्या निष्कर्षाला विरोध झाला. मतभेद मिटण्यास अनेक वर्षे लागली आणि १९४६ मध्ये सम्नर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मार्गदर्शकाचा अंदाज चुकला; त्याने दिलेले शिक्षण मात्र उपयोगी पडले.

एडवर्ड ॲडेलबर्ट डॉइझी (१८९३–१९८६) यांचे शिक्षण पहिल्या महायुद्धातील लष्करी सेवेमुळे खंडित झाले व १९२० मध्ये त्यांना पीएच्.डी. मिळाली. १९२३ मध्ये ते सेंट लूइस विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात गेले आणि तेथील जीवरसायनशास्त्र विभागाची उभारणी त्यांनी केली. ईस्ट्रोन या स्त्री-हॉर्मोनाचे स्फटिक (१९२९) आणि के जीवनसत्त्वाची शुद्धी व रचना यांवरील त्यांचे काम प्रसिद्ध आहे. हेन्रिक डाम यांच्याबरोबर त्यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

फिस्के व सुब्बराव : या विभागाच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण येल्लाप्रगडा सुब्बराव (१८९५–१९४८) यांचे आहे. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले सुब्बराव मद्रास मेडिकल कॉलेजात शिकले, परंतु त्यांना एम्.बी.बी.एस्.ऐवजी एल्.एम्.एस्. ही खालच्या दर्जाची पात्रता मिळाली. हार्व्हर्डमध्ये त्यांनी १९२४ मध्ये उष्ण कटिबंधीय वैद्यकाची पदविका घेतली आणि ते फोलिन यांच्या विभागात आले. तेथे सायरस हार्टवेल फिस्के (१८९०–१९७८) यांच्याबरोबर त्यांनी काम सुरू केले. फिस्के हार्व्हर्डचेच वैद्यकाचे पदवीधर होते.

फॉस्फरसाचे मापन हा त्यांचा पहिला विषय होता. अम्लयुक्त विद्रावात फॉस्फेटाशी मॉलिब्डेट संयोग पावते व त्यावर सौम्य क्षपणकारकाची (ऑक्सिजन काढून घेणाऱ्या वा इलेक्ट्रॉन देणाऱ्या द्रव्याची) क्रिया झाली की निळा रंग येतो. योग्य क्षपणकारक निवडून रंग लवकर व स्थिर येईल अशी पद्धत दोघांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. फिस्के–सुब्बराव पद्धत या नावाने ती जगभर वापरली गेली. ही पद्धत स्नायूच्या अर्काला लावली असता मात्र निळा रंग अपेक्षेप्रमाणे ताबडतोब पूर्ण होईना. तो बराच वेळ हळूहळू वाढत राही. पद्धतीत दोष आहे असे म्हणून ही विसंगती बाजूला सारता आली असती. परंतु पद्धतीचा प्रत्येक टप्पा स्वतः तपासलेला असल्याने दोष तेथे नाही, याची दोघांना खात्री होती. तेव्हा स्नायूत अम्लाच्या सान्निध्यात फुटून फॉस्फेट सोडणारे एखादे अस्थिर संयुग असले पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. ते संयुग म्हणजे फॉस्फोक्रिएटीन होय. स्नायू आकुंचन पावताना ते घटते व विश्रांतीच्या काळात पुन्हा तयार होते, असे त्यांनी १९२७ मध्ये जाहीर केले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये फिलिप व ग्रेस एगल्टन या दांपत्यालाही हे द्रव्य स्वतंत्रपणे आढळले होते. लॅक्टिक अम्लाची निर्मिती हेच स्नायूच्या आकुंचनाचे मूळ कारण, अशी त्या काळी प्रचलित असलेली उपपत्ती या शोधाने डळमळीत झाली. लॅक्टिक अम्ल तयार होऊ न देताही स्नायू काही काळ आकुंचन पावतो, हे डॅनिश शास्त्रज्ञ आयनार लुंड्सगार्ड यांनी १९३० मध्ये दाखविल्यावर ती मागे पडली.

१९२९ मध्ये फिस्के व सुब्बराव यांनी स्नायूतून ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. जर्मनीत कार्ल लोमान (१८९८–१९७८) यांनीही त्याच वर्षी हा शोध स्वतंत्रपणे लावला. सर्व ज्ञात सजीव कोशिकांत ऊर्जेच्या देवघेवीचे चलन म्हणून हेच संयुग वापरले जाते, ही कल्पना फ्रिट्झ लिपमान (१८९९–१९८६) यांनी १९४१ मध्ये मांडली. लिपमान त्या वर्षी हार्व्हर्डशी संलग्न असलेल्या मॅसॅचूसेट्स जनरल रुग्णालयात आले. सहएंझाइम ए या द्रव्याच्या शोधाबद्दल त्यांना १९५३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

सुब्बराव यांना पीएच्.डी. मिळाली ती १९३० मध्ये, म्हणजे फॉस्फोक्रिएटीन व ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट हे दोन्ही शोध प्रसिद्ध झाल्यानंतर. त्यापुढे दहा वर्षे ते विभागात राहिले, परंतु कायम स्वरूपाची प्राध्यापकी त्यांना मिळाली नाही. विद्यार्थी व शिक्षक यांच्या संयुक्त कामाचे श्रेय कसे विभागावे, हा प्रश्न अशा प्रशिक्षणात नेहमीच नाजूक असतो. परदेशी, वैद्यकाची कमी दर्जाची पात्रता असलेला आणि वरिष्ठ सहकाऱ्याच्या नावाशी जोडला गेलेला संशोधक श्रेयाच्या वाटणीत सहज मागे राहतो. १९४० मध्ये सुब्बराव न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ले प्रयोगशाळेत गेले व लवकरच तेथील संशोधनाचे प्रमुख झाले. हार्व्हर्डमध्ये त्यांनी यकृताच्या अर्कातील रक्तक्षयरोधी घटकांवर काम सुरू केले होते. त्याच दिशेने पुढे जाऊन त्यांच्या गटाने १९४५ मध्ये फॉलिक अम्लाचे संश्लेषण जाहीर केले. हत्तीरोगावरील डायएथिलकार्बामाझीन (१९४७) आणि ऑरिओमायसीन हे प्रतिजैव (१९४८) त्यांच्या मार्गदर्शनाखालील प्रयोगशाळेतून बाहेर आले. फॉलिक अम्लाच्या कार्याला विरोध करणारे ॲमिनॉप्टेरीन हे संयुगही तेथेच तयार झाले. बॉस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर यांनी ते ल्यूकेमिया (रक्ताचा कर्करोग) झालेल्या मुलांना दिले. १६ पैकी १० मुलांत रोग काही काळ माघारला, असे त्यांनी जून १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. हे रुग्णालय सुब्बराव यांच्या जुन्या विभागाला लागूनच आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बराव यांचे निधन झाले.

फिस्के यांच्या गटात शिकलेले जॉर्ज हर्बर्ट हिचिंग्ज (१९०५–९८) यांनी प्यूरीन द्रव्यांच्या मापनावर काम करून १९३३ मध्ये पीएच्.डी. घेतली. १९४२ मध्ये ते बरोज वेलकम या औषधकंपनीत गेले. तेथे गर्ट्रूड एलिअन यांच्याबरोबर त्यांनी प्यूरीनांसारखी दिसणारी परंतु कोशिकेच्या वाढीत अडथळा आणणारी संयुगे तयार केली. ल्यूकेमियावरील मर्कॅप्टोप्यूरीन हे त्यांपैकी एक होय. या दोघांना जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर १९८८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. एलिअन यांना नोकरी सांभाळून पीएच्.डी. पूर्ण करता आली नव्हती. ही पदवी संशोधनक्षमतेचे एक प्रमाण असली, तरी एकमेव प्रमाण नव्हे, हे त्यावरून दिसते. लहान मुलांच्या ल्यूकेमियावर उपयोगी पडलेल्या पहिल्या औषधांपैकी दोहोंचा माग अशा रीतीने फिस्के यांच्या प्रयोगशाळेपर्यंत जातो.

हेस्टिंग्ज व समस्थानिकांचा काळ : फोलिन यांच्या मृत्यूनंतर १९३५ मध्ये ए. बेअर्ड हेस्टिंग्ज (१८९५–१९८७) विभागप्रमुख झाले. त्यांच्या काळात एकट्या विद्यार्थ्याने एक पद्धत सिद्ध करण्याऐवजी अनेक शास्त्रांतील लोकांनी मिळून एक प्रश्न सोडविणे, ही रीत रुजू लागली. किरणोत्सर्गी कार्बन-११ चा उपयोग हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे २० मिनिटे असते. विद्यापीठाच्या सायक्लोट्रॉनमध्ये तो तयार होताच त्यापासून लॅक्टिक अम्ल बनवावयाचे, उंदराला द्यावयाचे, यकृतातील ग्लायकोजेन वेगळे करावयाचे आणि किरणोत्सर्ग नाहीसा होण्यापूर्वी मोजावयाचा, असे हे काम होते. त्यातून कार्बन डाय-ऑक्साइडातील कार्बनही यकृतातील ग्लायकोजेनात समाविष्ट होतो, असे १९४१ च्या सुमारास दिसून आले. प्राण्यांना कार्बन डाय-ऑक्साइडाचा उपयोग करून घेता येत नाही, हा समज त्यामुळे बदलला. या गटात बर्गिट व्हेन्नेस्लांड या विदुषी होत्या, तसेच जॉन बुकॅनन (१९१७–२००७) हे विद्यार्थी होते. बुकॅनन यांना १९४३ मध्ये पीएच्.डी. मिळाली आणि पुढे शरीरात प्यूरीन कसे तयार होते, हे उलगडण्यासाठी त्यांनी समस्थानिकांचाच वापर केला.

जुनी परंपराही संपली नव्हती. ऑलिव्हर लोरी (१९१०–९६) यांनी १९३७ पासून काही वर्षे हेस्टिंग्ज यांच्याकडे काम केले. सेंट लूइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात असताना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फोलिन यांच्या फिनॉल-विक्रियाकारकावर आधारलेली प्रथिनमापनाची पद्धत १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. वैज्ञानिक वाङ्मयात इतरांनी सर्वाधिक वेळा उल्लेखिलेला निबंध म्हणून तो ओळखला जातो.

युद्धोत्तर विस्तार : दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रीय आरोग्य संस्थांमार्फत सरकारी पैसा वैद्यकीय विद्यालयांकडे मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. तोवर संशोधक विद्यार्थ्याचा निर्वाह बहुधा अध्यापन-साहाय्यावर किंवा विभागप्रमुखाच्या कृपेवर अवलंबून असे. आता प्रशिक्षणासाठी स्वतंत्र अनुदाने मिळू लागली. १९६४ मध्ये एम्.डी. व पीएच्.डी. या दोन्ही पदव्या एकत्रित अभ्यासक्रमाने देणाऱ्या विद्यालयांना साहाय्य करण्याची योजना सुरू झाली. संशोधन-प्रशिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्त्यांची १९७४ च्या कायद्याने पुनर्रचना झाली. हार्व्हर्डमध्ये हेस्टिंग्ज यांच्यानंतर यूजीन केनेडी (१९१९–२०११) हॅमिल्टन कून प्राध्यापक झाले. कोशिकापटलातील फॉस्फोलिपिडे कशी तयार होतात, हा त्यांचा संशोधनविषय होता. रुग्णालयाच्या तात्कालिक गरजेशी त्याचा थेट संबंध नव्हता, यावरूनच विभाग वैद्यकीय अध्यापनाच्या चौकटीबाहेर किती आला होता, हे ध्यानात येते.

पुढे रेणवीय जीवविज्ञानाच्या वाढीमुळे विषयांमधील सीमा पुसट झाल्या. जीवरसायनशास्त्र व औषधिक्रियाविज्ञान यांचे विभाग एकत्र आले आणि विद्यार्थ्यांना एका विभागाऐवजी अनेक विभागांच्या समाईक अभ्यासक्रमात प्रवेश देण्याची पद्धत रूढ झाली. आज विद्यार्थी प्रारंभी व्याख्यानक्रम पूर्ण करतो व काही आठवड्यांच्या मुदतीने दोन-तीन प्रयोगशाळांत काम करून पाहतो. नंतर मार्गदर्शक निवडतो, पात्रता-परीक्षा देतो आणि प्रबंधसमितीच्या देखरेखीखाली संशोधन करतो. यास साधारणतः पाच-सहा वर्षे लागतात. एकाच मार्गदर्शकाच्या मर्जीवर विद्यार्थ्याचे भवितव्य अवलंबून राहू नये, हा समितीच्या रचनेमागील एक हेतू होय.

मूल्यमापन : फोलिन यांच्या काळातील विभाग आजच्या मानाने फार लहान होता. त्याचे यश साधनांच्या विपुलतेचे नव्हते. वैद्यकीय विद्यालयात असल्यामुळे त्याला खरे प्रश्न मिळाले : रोग्याच्या थोड्याशा रक्तातून किती व काय कळू शकेल? विद्यापीठाच्या पदवीमुळे त्या प्रश्नांवर काही वर्षे निष्ठेने काम करणारे तरुण मिळाले. त्यांना लागलेली शिस्त अशी, की आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर तो दडपावयाचा नाही आणि त्याचे कारण सापडेपर्यंत सोडावयाचाही नाही. निळा रंग यावयास लागलेला वेळ हा या शिस्तीमुळेच स्नायूच्या ऊर्जेच्या शोधाचा आरंभ ठरला.

त्याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. हात गमावलेल्या विद्यार्थ्याला प्रथम परत फिरण्याचा सल्ला मिळाला, स्त्रियांना स्वतःच्या प्रयोगशाळेच्या नावाची पदवी मिळाली नाही आणि दोन मोठ्या शोधांचे भागीदार असलेल्या भारतीय संशोधकाला कायमची जागा मिळाली नाही. माणसे घडविण्याची क्षमता आणि घडलेल्या माणसांची पारख या दोन गोष्टी एकाच संस्थेत सारख्या प्रमाणात असतातच असे नाही. सुब्बराव, हिचिंग्ज आणि सम्नर यांचे नंतरचे मोठे कार्य अन्य ठिकाणी झाले, याचा लाभ त्या ठिकाणांना व रुग्णांना मिळाला. परंतु ज्या विभागाने त्यांना शिकविले, त्याला तो पूर्णपणे घेता आला नाही. वैद्यकीय विद्यालयात संशोधन-प्रशिक्षणाची सोय करू पाहणाऱ्या कोणत्याही देशाने प्रयोगशाळा, अनुदाने व पदव्या यांबरोबर या दुसऱ्या गोष्टीचाही विचार करणे आवश्यक आहे.